सांत्वनाच्या रांगेतला हात

बस बाबा, बस. त्या खुर्चीवर नको, ती कुत्रीची आहे. तू घ्यायला आलास त्या कालवडी कुठं पळून जात नाहीत, आधी चहा पी. केरीहून एवढी गाडी हाणत आलास, तर तुला एक गोष्ट सांगतो. ती गावात तोंडातोंडी फिरतेय आणि दर तोंडात वेगळी आहे. खरी माझ्याकडं आहे, कारण मी त्या टेबलाशी बसलो होतो. रविवार होऊन गेला तरी माझं डोकं अजून तापलेलंच आहे. मधेच आवाज चढला तर तो तुझ्यावर नाही, एवढं ध्यानात ठेव.

म्हातारा जिमी मॅकगॅरी गेला, ते तुझ्या कानावर आलं असेल. या भागातल्या अडलेल्या गायी त्यानंच जन्मभर सोडवल्या. रविवारी चर्चमध्ये त्याच्या महिन्याच्या प्रार्थनेची मिस्सा होती. मिस्सा झाली, शेजारीपाजारी घरी आले, हॅमचे सँडविच खाल्ले, म्हाताऱ्याचे किस्से सांगून हसले, रडले आणि गेले. मागं घरचे राहिले. जिमीचा पोरगा डेक्लन, तोही गुरांचाच डॉक्टर. त्याची बायको नोरीन, म्हणजे माझी बहीण. डेक्लनची थोरली बहीण असंप्ता, डब्लिनला मास्तरीण. डेक्लनची पोरगी ब्रोना, तीही गुरांच्या डॉक्टरकीला, शेवटच्या वर्षाला. आणि मी, पोरीचा पॅकी मामा. मी गुरांचा हेडी, म्हणजे दलाल. बाजारात दोन माणसं भावावरून अडून बसली की मधे पडतो, दोघांचे हात धरून एकमेकांत देतो. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ते अजून ठरायचंय.

घरचं नसलेलं एकच माणूस उठेना. तो क्विल. कंपनीचा माणूस. ही कंपनी गावोगावचे गुरांचे दवाखाने विकत घेत सुटलीय. दाढी कोरलेली, बोलणं लोण्यासारखं. नोरीननं त्याच्यापुढं सफरचंदाचा टार्ट ठेवला, तो असा आदळला की चमचा उडून खाली पडला. माझी बहीण पाहुण्यापुढं बशी आदळत नाही. तेव्हाच म्हणलं, काहीतरी शिजलंय.

"सगळे बसलोच आहोत, तर पोरीला सांगून टाकू," असंप्ता म्हणली.

ब्रोना मोरीशी कप विसळत होती. "काय सांगायचंय?"

"दवाखाना कंपनीला दिला," डेक्लन म्हणला. बोलला ते टेबलाकडं बघून.

"दिला म्हणजे?"

"म्हणजे हात दिला. शब्द झाला."

"आणि तुझीही सोय झाली," असंप्ता म्हणली. "पास झालीस की पाच वर्षं इथंच नोकरी. यांची अटच होती तशी. दारावर मॅकगॅरी नाव राहायला हवं ना! ते नसेल तर कोण येणार दवाखान्यात?"

ब्रोनानं पाणी बंद केलं. हात पुसले, बोट न् बोट पुसलं. "म्हणजे मला धरून विकलाय?"

"विकलाय काय? तोंड सांभाळून बोल!"

"मला कुणी विचारलं, आत्या? तू? बाबा, तुम्ही?"

"तुला विचारायचं?" असंप्तानं चष्मा काढला. ती चष्मा काढते तेव्हा वर्गातली पोरं गार पडत असणार. "तू कुणाला विचारलं होतंस, टाइग मॉलॉयच्या अंगणात? बाबांना विचारलं होतंस?"

झालं. ते निघालं.

टाइगचं तुला सांगायला हवं. ब्रोनाच्या कॉलेजात आता नुसती गायीच्या पोटात हात घालायची शिकवण नाही, धंदा पण शिकवतात. गिऱ्हाइकाला खर्च कसा सांगायचा, नोकरी मागताना आपण काय काय विचारायचं, पगाराचा आकडा बोलून मग गप्प कसं बसायचं, नाही कसं म्हणायचं. एक पोरगं शेतकरी बनतं, दुसरं डॉक्टर बनतं, आणि बाकीचे बसून चुका काढतात. तिनं सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. नाही असं म्हणायला कॉलेज कशाला लागतं, माझी बायको फुकटात शिकवील.

तर ईस्टरला पोरगी बापाबरोबर टाइगच्या गायीला गेली. वासरू आडवं, पोट चिरायची वेळ. आणि हिनं हत्यार उचलायच्या आधी टाइगला सांगितलं, एवढा एवढा खर्च येईल, गाय थकलेली आहे, जगेलच असं नाही, करायचं का? आमच्याकडं असं कुणी केलेलं नाही. डॉक्टरनं अंगणात पैशाचं नाव काढायचं नसतं. काम करायचं, चहा प्यायचा, हवामानाचं बोलायचं. टाइगला राग नव्हता आला. तो म्हणला कर, गाय जगली. पण जिमीला कळलं तसा तो खवळला. "माझ्या नावानं अंगणात दुकान मांडलं," म्हणला. नातीशी बोलणं टाकलं. आणि मग गेलाच तो. त्या पोरीनं त्याचा हात धरला तेव्हा त्या हातात जीव नव्हता.

असंप्तानं नेमकं तिथंच बोट घातलं. "तुझ्या त्या धंद्याच्या शिकवणीनं बाबांनी अंथरूण धरलं."

"असंप्ता!" नोरीनच्या हातात टार्टची सुरी होती, ती तशीच वर राहिली. "त्यांना हृदयाचं दुखणं दहा वर्षं होतं. पोरीवर ढकलू नकोस. पुन्हा बोललीस तर या घरात चहा मिळायचा नाही तुला."

ब्रोनाचा चेहरा मी बघितला. रडली नाही. ती खुर्ची ओढून थेट क्विलच्या समोर बसली. मला वाटलं, ही भांडायला बसली.

"साहेब, मी तुमच्याकडं नोकरीला येणार म्हणता. मग मला चार गोष्टी विचारू द्या."

"अवश्य," क्विल हसला.

"रात्री गाय अडली तर फोन कोण उचलणार?"

"आमचं कॉल सेंटर आहे ना. चोवीस तास."

"कुठं?"

"इंग्लंडात. पण सेवा उत्तम आहे."

मला ठसकाच लागला. इंग्लंडातली कोणीतरी पोरगी टाइग मॉलॉयला विचारणार, गाय कुठल्या पिनकोडला राहते! आणि तो सांगणार, जळक्या गोठ्याच्या मागं, जिथं पाद्र्याची सायकल पडली होती तिथं!

"आणि मग कोण येणार?" ब्रोना थांबली नाही.

"पहिलं वर्षभर तुम्ही किंवा तुमचे वडील. पुढं..." क्विलनं बशी थोडी बाजूला सारली. "हे बघा, मोकळेपणानं सांगतो. मोठ्या जनावरांचं काम आम्ही हळूहळू कमी करणार. त्यात काही उरत नाही. कुत्री, मांजरं, छान स्वच्छ दवाखाना. आणि तुम्हाला तेच बरं पडेल. उद्या लग्न होईल, मुलंबाळं होतील. गायींचं काम ताकदीचं. ते मुलींच्या हातांना झेपत नाही."

त्याला वाटलं, त्यानं गोड काहीतरी सांगितलं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, तो कुणाच्या शेजारी बसून हे बोलला!

असंप्ता मॅकगॅरी शाळेत पहिली यायची. पोरवयात ती बापाबरोबर गोठ्यांतून हिंडायची, बाह्या खांद्यापर्यंत वर करून. मी तिला माझ्या डोळ्यांनी बघितलंय, वासराचे पाय दोरीनं बांधून ओढताना. तिला डॉक्टर व्हायचं होतं. जिमी म्हणला, तुझे हात बारीक, तू शिकव. आणि धाडलं कुणाला, तर डेक्लनला, जो परीक्षेला दोनदा बसला. ती गेली डब्लिनला, मास्तरीण झाली, आणि त्या घरात त्यावर पुन्हा कधी कुणी बोललं नाही. जिमीनं मरताना दवाखान्याचा अर्धा वाटा तिच्या नावानं ठेवला. मला विचारशील तर तो वाटा तिला चटका दिल्यासारखा लागला. जे हवं होतं ते दिलं नाही, आता हे घे. म्हणून ती विकायला निघाली होती. एकदाचं जाऊ दे म्हणून.

ती क्विलकडं वळली. आवाज एकदम खाली आला.

"काय म्हणालात? हातांचं काय म्हणालात?"

"मी आपलं सर्वसाधारण..."

"हेच. याच टेबलाशी. याच खुर्चीत बसून बाबा मला हेच म्हणाले होते." तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे. म्हातारे झालेत आता. "मी ते गिळलं, कारण ते माझे बाबा होते. तू कोण रे? तू कोण मला ऐकवणारा?"

"बाई, मी तुम्हाला काहीच..."

"मी नाही विकत. माझा अर्धा मी नाही विकत!"

"ताई!" आता डेक्लन उठला. "अगं तूच माझ्या मागं लागली होतीस!"

"लागले होते. आता नाही."

"पण मी हात दिलाय!"

हे बघ, डेक्लनला तू ओळखत नाहीस. हा माणूस दिलेल्या शब्दासाठी तापात उठून मेंढीला गेलेला आहे. ब्रोना म्हणली, बाबा, सही नाही, कागद नाही, वकिलाला विचारू. तर तो तिच्यावरच ओरडला. "कागद तुझ्या कॉलेजात! इथं हात असतो. मॅकगॅरीनं हात दिला आणि मागं घेतला, असं बाजारात लोकांना म्हणू द्यायचं? बाबांना जाऊन जेमतेम महिना झालाय!"

क्विलला तेवढंच हवं होतं. "डॉक्टरांनी हात दिलाय, हे खरं आहे. मी लगेच कंपनीला कळवलंही. हवं तर ते पुन्हा हात देतील. तुम्ही इथले जाणकार म्हणे, पॅकी. तुम्हीच मधे पडा, दोघांचे हात पुन्हा मिळवा, म्हणजे संशय नको."

"मी?" म्हणलं. "मी पोरीचा मामा. नात्यातला माणूस मधे पडत नाही, हे तुझ्या कंपनीत कुणी शिकवलं नाही का? पण विचारायला मला कुणाची बंदी नाही. डेक्लन, खाली बस. हात कुठं दिलास?"

"चर्चमध्ये."

"कधी?"

तो हळू म्हणला, "दफनाच्या दिवशी. सांत्वनाच्या रांगेत."

नोरीननं सुरी खाली ठेवली.

तुला सांगायला नको, आपल्यात कशी रांग लागते ते. अख्खा परगणा येतो. शवपेटीशेजारी तू उभा, आणि एकेक येतो, हात हातात घेतो, दुःखात सहभागी आहे म्हणतो, आणि पुढं सरकतो. शेवटी तुझा हात तुझा राहत नाही. कुणी त्यात बटाटा ठेवला तरी तू आभारी आहे म्हणशील.

"आणि तू काय म्हणलास रे, पोरा?" मी क्विलला विचारलं.

त्याचे कान लाल झाले, तेवढी लाज होती म्हणायची. "मी म्हटलं, दुःखात सहभागी आहे. आणि आपलं ते ठरलं, नाही का?"

"आणि तू, डेक्लन?"

"मी म्हणलं, हो, आभारी आहे, आलात बरं वाटलं."

"याच्या आधीच्याला काय म्हणलास?"

"हेच."

"याच्या मागच्याला?"

डेक्लननं डोकं धरलं. "हेच, पॅकी. सगळ्यांना हेच."

"मग त्या हिशोबानं तू दवाखाना निम्म्या गावाला विकलास! टाइगला पण विकलास! पोस्टमनला विकलास!" मी ओरडलोच, माझं भान सुटलं. "शकुनाचं नाणं दिलंस याला? सौदा झाल्यावर विकणाऱ्यानं घेणाऱ्याच्या हातावर परत ठेवायचं ते?"

"बापाच्या पेटीशेजारी उभा राहून नाणं कुठून देऊ?"

"मग झाला नाही सौदा. ते सांत्वन होतं. ज्यानं सांत्वनाच्या रांगेत उभं राहून सौदा उरकला, त्याला बाजारात मेंढी पण कुणी विकणार नाही. मी बघतो कोण विकतो ते!"

क्विल काहीतरी म्हणत होता, कंपनीला कळवलंय, असं तसं. नोरीन गेली आणि त्याचा कोट घेऊन आली. उरलेला टार्ट तिनं कागदात गुंडाळला आणि तोही त्याच्या हातात दिला. "गाडी सावकाश चालव," म्हणली. माझ्या बहिणीची ही एक खोड आहे. तोंडावर दार लावील पण उपाशी नाही धाडायची.

आता तुला वाटेल, संपलं. छे! खरी आग तर पुढंच लागली.

डेक्लन बसला होता तो उजवा खांदा दाबत. जन्मभर गायींत हात घालून तो खांदा गेलाय. शर्ट घालताना नोरीन मदत करते, हे मला तरी त्या दिवशीच कळलं. "झालं सगळ्यांचं समाधान?" तो म्हणला. "आता रात्री कोण जाणार? हा खांदा घेऊन मी? मी हौसेनं विकत होतो होय?"

"मी येते," ब्रोना म्हणली. "पास झाले की येते. पण माझ्या अटी आहेत."

"अटी? बापाला अटी?"

"पगार हवा. एकाआड एक रविवार सुट्टी हवी. आत्याच्या वाट्याचं दरवर्षी थोडं थोडं फेडू, ते तिच्याशी बसून ठरवू. आणि खर्च मी आधी सांगणार. टाइगला सांगितला तसाच." एवढं बोलली आणि तोंड मिटून बसली.

डेक्लन तापला. "सुट्टी! तुझ्या आजोबांनी कधी सुट्टी घेतली?" ती गप्प. "मी तुझ्या जन्माला नव्हतो, रॉश्टाउनला घोडीपाशी होतो, ठाऊक आहे?" ती गप्प. "पगार मागते! या घरात जेवतेस ना?" ती गप्पच. बाप एकटाच बोलतोय, एकटाच हरतोय. मला त्यातही हसू आलं. हीच ती गप्प बसायची शिकवण, जिच्यावर आम्ही हसलो होतो.

शेवटी असंप्ताच म्हणली, "मला पटलं. पण रात्रींचं काय? तू एकटी रोज रात्री जाणार?"

"नाही. निम्म्या रात्री आपल्या, निम्म्या हॅन्लीकाकांच्या. मी त्यांना फोन केला होता."

बाबा रे! त्या घरात हॅन्लीचं नाव घेत नाहीत. पलीकडच्या भागातला गुरांचा डॉक्टर. कधीकाळी जिमी तापानं पडलेला असताना हॅन्लीनं त्याच्या गिऱ्हाइकाची घोडी सोडवली, आणि पबमध्ये बसून म्हणला, अजून थोडा उशीर झाला असता तर मेलीच होती. तेवढ्यावर दोन घरं तुटली. हॅन्ली दफनाला आला नाही. आला असता तर काय झालं असतं, देव जाणे.

"फोन केलास?" डेक्लनचा आवाज फाटला. "आजोबा मातीत पुरते निजले नाहीत, आणि तू त्या माणसाला..."

"तेही म्हातारे झालेत, बाबा! तेही एकटेच जातात! दोन दुखरे खांदे दोन बाजूंनी रात्रभर गाड्या हाणतायत, एका घोडीपायी! ती घोडी मेली तरी किती वर्षं झाली!"

"मी नाही जायचा त्याच्याकडं. मेलो तरी नाही."

आणि तेव्हा नोरीन बोलली. ती स्वतःचं कधी बोलत नाही, सगळे विसरतात ती आहे म्हणून.

"फोन कुठं असतो, डेक्लन?"

"काय?"

"रात्रीचा फोन. कुठल्या बाजूला असतो पलंगाच्या?"

पुढंही तीच बोलली.

"माझ्या बाजूला. लग्न झाल्यापासून माझ्या बाजूला. मी उचलते, मी विचारते वासराचं तोंड दिसतंय की शेपूट, मी तुला उठवते, मी तू येईस्तोवर जागी असते. त्याला कुणी काम म्हणलं नाही. तुझ्या बाबांनी नाही, तू नाही. या पोरीनं पहिल्यांदा विचारलं, आई, तुला किती रात्री झोप हवीय? कॉलेजात शिकवलं म्हणे तिला, घरच्यांना पण विचारायचं असतं म्हणून." ती डेक्लनकडं वळली. "मला निम्म्या रात्री झोप हवीय, डेक्लन. निम्म्या. तेवढ्या मला हॅन्ली देणार असेल तर मी त्याला टार्ट पण धाडीन."

असंप्ता उठली, भावजयीपुढची सुरी उचलली आणि स्वतः कप विसळायला लागली. तिनं त्या घरात कप विसळलेला मी कधी बघितला नव्हता.

शेवटी डेक्लन म्हणला, "बरं. पण मी आधी हात पुढं करणार नाही."

"हॅन्लीकाका पण हेच म्हणाले," ब्रोना म्हणली. "अगदी हेच."

आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. पोरीच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं ते तेव्हा. पण मी काय करू? मी मामा. मी डेक्लनचं मनगट धरलं तर हॅन्ली म्हणणार, मेहुणा मधे घातला, आणि तो हात धरलेला मानायचा नाही. त्याचंही खरंच आहे. आणि या गावात दुसरा आणू कुठून? प्रत्येकजण एकाचा भाऊ, दुसऱ्याचा व्याही, तिसऱ्याचं गिऱ्हाइक.

तू केरीचा. तुझं इथं कुणी नाही, ना गाय, ना भाचा. उद्या सकाळी बाजार आहे. दोघं येतील आणि रिंगणाच्या दोन टोकांना उभे राहतील, एकमेकांकडं न बघता. कालवडी तू म्हणशील त्या भावानं घे, मी एक शब्द बोलायचा नाही. पण माझ्याबरोबर तिथवर ये आणि मधे पड. हॅन्लीचं मनगट धर, तो कुरकुरेल, खुशाल ओढ. डेक्लनचं मात्र हळू धर. उजवा खांदा आहे, दुखतो त्याला. येशील ना?